सगळ्यांना जोडायचंय की लवकर पोचायचंय? ग्राफबद्दल वाचकांचे प्रश्न

ग्राफ अल्गोरिदमवर प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं आणि भरपूर प्रश्न आले. बरेचसे फिरून फिरून एकाच गाठीपाशी येत होते, म्हणून तोच प्रश्न आधी घेते, आणि जिथे उत्तर लांबलंय तिथे मुद्दाम लांबू दिलंय. नवीन वाचकांसाठी एवढंच, की ग्राफ म्हणजे ठिपके (नोड) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (एज), आणि एजवरचा लांबीचा किंवा खर्चाचा आकडा म्हणजे तिचं वेट. ट्री म्हणजे ज्यात फिरून परत त्याच नोडला येता येत नाही असं जोडलेलं जाळं, आणि तो सगळ्या नोडना जोडत असेल तर स्पॅनिंग ट्री. डायक्स्ट्रा हा छोट्यात छोटा रस्ता काढणारा अल्गोरिदम, आणि प्रिम, क्रुस्कल हे सगळ्यात कमी एकूण वेटचा स्पॅनिंग ट्री काढणारे.

प्रश्न : डायक्स्ट्रा आणि प्रिम आम्हाला लागोपाठ शिकवले आणि आता डोक्यात दोन्हींची सरमिसळ झालीये. मिनिमम स्पॅनिंग ट्री (एमएसटी) म्हणजे सगळ्यात कमी खर्चाचं जाळं ना, मग त्या ट्रीमधून कुठल्याही दोन नोडमधला रस्ता सगळ्यात छोटाच असणार असं मला वाटतं. मित्र म्हणतो नाही. कोण बरोबर?

मित्र बरोबर आहे. पण तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे, कारण दोघांचं कोड शेजारी ठेवून बघितलं तर फरक जवळपास एका ओळीचाच दिसतो. दोन्हीकडे एका नोडपासून सुरुवात, दोन्हीकडे प्रायॉरिटी क्यू (सगळ्यात कमी आकड्याचा नोड आधी हातात देणारी रांग), दोन्हीकडे सगळ्यात कमी आकड्याचा नोड उचलायचा आणि त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधारायचे हेच चाललेलं असतं. फक्त प्रिम शेजाऱ्याचा आकडा म्हणून त्या एजचं नुसतं वेट लिहितो, आणि डायक्स्ट्रा लिहितो सुरुवातीपासून इथवरचं अंतर अधिक त्या एजचं वेट. बास, एवढंच. पण या एका बेरजेने अख्खा प्रश्न बदलतो. प्रिमला हवंय, हा नोड जाळ्यात घ्यायला अजून किती खर्च येईल, आणि डायक्स्ट्राला हवंय, निघालो तिथपासून इथे पोचायला एकूण किती लागेल.

आकडे घेऊन बघा. एक मधला नोड धरा, त्याच्यापासून प्रत्येकी १० अंतरावर पाच नोड आहेत, आणि ते पाच एकमेकांना साखळीसारखे जोडलेले आहेत, प्रत्येक एज १ ची. एमएसटी काय करेल, मधल्या नोडकडून १० ची एकच एज घेईल आणि साखळीतल्या १ च्या चारही घेईल, एकूण १४. आता मधल्या नोडपासून शॉर्टेस्ट पाथ, म्हणजे छोट्यात छोटे रस्ते काढा. पाचही नोड थेट १० वर आहेत, शेजाऱ्यावरून गेलं तर कमीत कमी ११ पडतात, म्हणजे पाचही थेट एज लागणार आणि या ट्रीचं एकूण वेट होणार ५०. त्याच ग्राफवर एक ट्री १४ चा आणि दुसरा ५० चा, आणि दोन्ही आपापल्या प्रश्नाचं बरोब्बर उत्तर! उलट बाजूने, त्या १४ वाल्या ट्रीत १० ची एज साखळीच्या एका टोकाला लागली असेल तर दुसऱ्या टोकापर्यंत जायला १४ पडतात, जिथे थेट रस्ता १० चा होता.

याहून वाईट हवं असेल तर १०० नोड गोलात जोडा, प्रत्येक एज १ ची. एमएसटीला एक एज सोडावीच लागते, आणि ज्या दोन शेजाऱ्यांमधली ती सुटली त्यांचं अंतर ग्राफमध्ये १ आणि ट्रीमधून ९९.

मग एमएसटीच्या रस्त्यांना काहीच अर्थ नाही का, तर आहे, आणि हा भाग वर्गात बऱ्याचदा राहून जातो. एमएसटीमधून दोन नोडमधला जो रस्ता मिळतो त्यातली सगळ्यात जड एज ही शक्य तेवढी हलकी असते. म्हणजे एकूण बेरीज कमीत कमी असेल याची हमी नाही, पण वाटेतला सगळ्यात वाईट टप्पा कमीत कमी वाईट असेल याची पक्की हमी. कुठलाही एकच टप्पा फार लांब नको, अशी अट असलेल्या कामात एमएसटीतूनच उत्तर मिळतं, वेगळं काही चालवावं लागत नाही.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे खुद्द डायक्स्ट्राच्या १९५९ च्या पेपरमध्येच लख्ख दिसतं. जेमतेम तीन पानांचा पेपर, आणि त्यात प्रश्न एक म्हणून कमीत कमी एकूण लांबीचा ट्री आणि प्रश्न दोन म्हणून दोन नोडमधला छोट्यात छोटा रस्ता, असे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. दुसरा त्यांनी १९५६ मध्येच सोडवला होता, ॲमस्टरडॅममध्ये आर्मॅक नावाचा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता तेव्हा ६४ शहरांच्या नकाशावर रस्ता शोधून दाखवायला, आणि कॅफेत बसल्या बसल्या, कागद पेन्सिल हातात न घेता, साधारण वीस मिनिटांत तो सुचला असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. पहिल्याची गरज पडली एक्स-१ या पुढच्या मशीनच्या मागच्या पॅनलवर तांब्याची तार कमीत कमी वापरायची होती म्हणून. तार वाचवायची तर ट्री, पोचायचं तर पाथ. प्रश्न समोर आला की आधी हे ठरवा, अल्गोरिदमचं नाव नंतर.

प्रश्न : क्रुस्कल सगळ्यात स्वस्त एज डोळे मिटून उचलत जातो. इतकी हावरी पद्धत बाकी ठिकाणी फसते, मग इथेच कशी चालते? आणि क्रुस्कल वापरायचा की प्रिम हे कसं ठरवायचं?

डोळे मिटून नाही, सायकल (फिरून त्याच नोडला येणारा रस्ता) होत नाही ना एवढं बघून उचलतो, आणि तेवढंच पुरतं. कारण असं, की ग्राफमधल्या नोडचे कसेही दोन गट पाडा, या गटातून त्या गटात जाणारी सगळ्यात स्वस्त एज कुठल्या ना कुठल्या एमएसटीत असतेच. समजा तुमच्याकडे असा एक एमएसटी आहे ज्यात ती नाहीये. ती त्यात टाका, सायकल होणार, आणि ती सायकल या गटातून त्या गटात गेली म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या एजवरून परत आलीच असणार. ती दुसरी काढून टाका. ट्री परत ट्री झाला, आणि काढलेली एज टाकलेल्या एजपेक्षा स्वस्त असूच शकत नाही कारण गटांमधली सगळ्यात स्वस्त तर आपण टाकली, म्हणजे खर्च वाढला नाही. संपलं. एवढ्या छोट्या युक्तिवादावर क्रुस्कल, प्रिम आणि बोरूव्का तिन्ही उभे आहेत, फरक फक्त दर वेळी गट कसे पाडायचे याचा. मला हा युक्तिवाद फार आवडतो, एकदा स्वतः कागदावर करून बघा, मग तिन्ही अल्गोरिदम पाठ करावे लागत नाहीत.

बोरूव्काचं नाव पुस्तकात बहुतेक तळटीपेत असतं पण पहिला तोच. ओटाकार बोरूव्का यांनी १९२६ मध्ये मोराव्हियातल्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) विजेच्या जाळ्याच्या कामातून हा प्रश्न मांडून सोडवला, कॉम्प्युटर नावाची गोष्ट यायच्या कितीतरी आधी. प्रिमच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यार्निक यांनी १९३० मध्येच दिली होती, प्रिम यांचा पेपर १९५७ चा आणि क्रुस्कल यांचा १९५६ चा. बोरूव्कात प्रत्येक तुकडा एकाच वेळी आपापली सगळ्यात स्वस्त बाहेर जाणारी एज निवडतो, मग सगळे जोडायचे, परत तेच. दर फेरीत तुकडे निम्मे किंवा त्याहून कमी उरतात, आणि हे काम समांतर चालवता येतं म्हणून जीपीयूवर (खूप कामं एकदम करणाऱ्या ग्राफिक्स चिपवर) एमएसटी काढायची वेळ आली की शंभर वर्षांपूर्वीची हीच पद्धत पुढे येते. फक्त सारख्या वेटच्या एज असतील तर सावध, दोन तुकड्यांनी वेगवेगळ्या सारख्या एज निवडल्या तर सायकल होऊ शकते, म्हणून बरोबरी झाली की एजच्या नंबरवरून निकाल लावायचा.

आता कुठला वापरायचा. एज कमी असतील आणि यादी हातात असेल तर क्रुस्कल, सॉर्टिंगचाच, म्हणजे एज वेटच्या क्रमाने लावायचाच काय तो वेळ, युनियन-फाइंड (दोन नोड एकाच तुकड्यात आहेत का हे सांगणारी रचना) तर जवळपास फुकट. एज भरमसाठ असतील तर प्रिम, आणि तोही हीप (प्रायॉरिटी क्यूसाठीची नेहमीची रचना) न लावता साध्या ॲरेवर, म्हणजे साध्या यादीवर. समजा पातळीवर १०,००० बिंदू आहेत आणि कुठलाही बिंदू कुठल्याही बिंदूला जोडता येतो, तर जवळपास पाच कोटी एज झाल्या, त्या साठवून सॉर्ट करण्यापेक्षा ॲरेवाला प्रिम प्रत्येक अंतर लागेल तेव्हा काढतो आणि मेमरी वाचते. त्याहून चांगलं म्हणजे आधी त्या बिंदूंचं डेलोने ट्रँग्युलेशन (बिंदू जोडून केलेली त्रिकोणांची एक खास जाळी) काढायचं, एमएसटी त्याच्या आतच सापडतो आणि त्यात एज असतात बिंदूंच्या तिपटीहून कमी, मग क्रुस्कल लगेच संपतो.

प्रश्न : सगळ्या एजचे वेट वेगवेगळे असतील तर एमएसटी एकच असतो का?

हो, एकच. सारखे वेट असले तर अनेक असू शकतात पण सगळ्यांची बेरीज तीच.

प्रश्न : माझ्या ग्राफमध्ये काही एज निगेटिव्ह आहेत. डायक्स्ट्रा चालत नाही असं वाचलं, म्हणून मी सगळ्यात लहान निगेटिव्ह आकडा बघून तेवढा प्रत्येक एजमध्ये मिळवला, म्हणजे सगळे शून्य किंवा त्यावर आले, आणि मग डायक्स्ट्रा चालवला. उत्तर चुकतंय. का?

कारण तुम्ही रस्त्यांना सारखा दंड लावला नाही. ज्या रस्त्यात एज जास्त त्याला दंड जास्त पडला. क वरून घ ला थेट एज ४ ची आहे असं धरा, आणि दुसरा रस्ता क वरून ख ३, ख वरून ग २, ग वरून घ उणे २, एकूण ३. म्हणजे लांबून जाणारा रस्ता जिंकायला हवा. आता सगळीकडे २ मिळवा. थेट एज झाली ६, आणि लांबचा रस्ता झाला ५ अधिक ४ अधिक ०, म्हणजे ९. विजेताच बदलला.

गंमत बघा, हाच प्रकार एमएसटीवर केला असता तर उत्तर अजिबात बदललं नसतं, कारण नोड ठरलेले असले की कुठल्याही स्पॅनिंग ट्रीमध्ये एजची संख्या ठरलेलीच असते, नोडपेक्षा एक कमी, म्हणजे दंड सगळ्यांना सारखा. एमएसटीला निगेटिव्ह एजचं काहीच वावडं नाही. वर म्हटलं ना हे दोन प्रश्न वेगळे, त्याचा हा अजून एक पुरावा.

डायक्स्ट्रा मुळात का चुकतो तेही बघून घ्या. तो सगळ्यात जवळचा नोड उचलतो आणि त्याच्यावर शिक्का मारतो की याचं अंतर आता फायनल. क वरून ख २, क वरून ग ३, आणि ग वरून ख उणे २ असेल तर ख वर २ चा शिक्का आधी बसतो आणि खरं उत्तर १ आहे हे ग उघडल्यावर कळतं. काही जण कोड असं लिहितात की शिक्का मारलेला नोडही परत क्यूत जाऊ शकतो, त्यात निगेटिव्ह सायकल नसेल तर उत्तर बरोबर येतं, पण काही ग्राफवर वेळ एक्स्पोनेन्शियल जातो, म्हणजे नोड थोडे वाढले की वेळ पटीपटीने वाढतो, त्यामुळे छोट्या टेस्टवर पास झालं म्हणून विसंबू नका.

तुम्हाला हवाय बेलमन-फोर्ड. नोडच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत सगळ्या एज तपासायच्या आणि अंतर कमी होत असेल तर करायचं, फेरी काहीच न बदलता गेली तर तिथेच थांबायचं. सगळ्या फेऱ्या झाल्यावर अजून एक मारा, त्यातही काही कमी झालं तर सुरुवातीपासून पोचता येईल अशी निगेटिव्ह सायकल आहे, आणि मग शॉर्टेस्ट पाथ या शब्दालाच अर्थ उरत नाही, फिरत राहाल तेवढं अंतर कमी. कधीकधी ही सायकलच शोधायची असते. चलनांच्या दरांचा ग्राफ करून एजवर दराच्या लॉगॅरिदमचं उणे घातलं तर निगेटिव्ह सायकल म्हणजे असे व्यवहार की फिरून मूळ चलनात आल्यावर पैसे वाढलेले असतात.

आणि तुमची मूळ कल्पना पूर्ण टाकाऊ नाहीये बरं का, तिला फक्त नीट रूप द्यायला हवं. प्रत्येक एजला सारखा आकडा मिळवण्याऐवजी प्रत्येक नोडला एक आकडा द्यायचा, आणि एज ज्या नोडमधून निघते त्याचा आकडा मिळवायचा, जिथे पोचते त्याचा वजा करायचा. रस्त्यावर बेरीज केली की मधले सगळे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि फक्त पहिल्या आणि शेवटच्या नोडचा उरतो, जो त्या दोन टोकांमधल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच आहे. नोडचे हे आकडे बेलमन-फोर्ड एकदा चालवून मिळवले की सगळे वेट शून्य किंवा वर येतात आणि मग प्रत्येक नोडवरून बिनधास्त डायक्स्ट्रा चालवा. ही जॉन्सनची १९७७ ची पद्धत. सगळ्या जोड्यांची अंतरं हवी असतील आणि ग्राफ विरळ असेल तर हीच, आणि ग्राफ छोटा नि दाट असेल तर फ्लॉइड-वॉर्शल, तीन लूप एकात एक, लिहायला सोपं, फक्त मधल्या नोडचा लूप सगळ्यात बाहेर हवा, तो आत गेला की उत्तरं चुपचाप चुकतात.

प्रश्न : मोबाइलवरचा नकाशा अख्ख्या खंडातला रस्ता क्षणात दाखवतो. तो खरंच डायक्स्ट्रा चालवतो का?

नुसता डायक्स्ट्रा नाही. पश्चिम युरोपच्या रस्त्यांचा जो ग्राफ संशोधनात नेहमी वापरतात त्यात साधारण १ कोटी ८० लाख नोड आहेत, त्यावर साधा डायक्स्ट्रा लांबच्या रस्त्याला काही सेकंद घेतो, कारण पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरावेत तसा तो सगळीकडे पसरतो, उलट्या दिशेलासुद्धा.

पहिली सुधारणा ए-स्टार, १९६८ ची, हार्ट, निल्सन आणि राफेल यांची, शेकी नावाच्या रोबोटला वाट शोधून देण्याच्या कामातून आलेली. आतापर्यंतच्या अंतरात पुढचा अंदाज मिळवायचा आणि मग निवडायचं. अट एकच, अंदाज खऱ्यापेक्षा जास्त असता कामा नये. इथे लोक हमखास चुकतात. वेट किलोमीटरमध्ये असेल तर सरळ रेषेतलं अंतर चालतं, पण वेट मिनिटांत असेल तर त्या अंतराला ग्राफमधल्या सर्वाधिक वेगाने भागायचं, सरासरी वेगाने नाही, नाहीतर अंदाज खऱ्याच्या वर जातो आणि छोट्यात छोट्या रस्त्याची हमी जाते.

खरा वेग मात्र आधीच करून ठेवलेल्या तयारीतून येतो. कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज ही २००८ ची पद्धत घ्या. नोडना महत्त्वाप्रमाणे क्रम द्यायचा, कमी महत्त्वाचे एकेक काढत जायचे, आणि काढल्यामुळे एखादा छोट्यात छोटा रस्ता तुटत असेल तर तिथे शॉर्टकट एज टाकायची. मग प्रश्न आला की दोन्ही टोकांकडून फक्त वरच्या क्रमाकडे चढत जायचं आणि जिथे गाठ पडते त्यातली सगळ्यात कमी बेरीज घ्यायची. कोटीभर नोडच्या ग्राफवर उत्तराला काहीशे नोड बघावे लागतात. उत्तर तंतोतंत बरोबर असतं, अंदाजे नाही. ओएसआरएम हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे वापरतं, कोड उघडून वाचता येईल. ट्रॅफिकमुळे वेट सारखे बदलत असतील तर ही तयारी परत करावी लागते, म्हणून वेटपासून ग्राफचा आकार वेगळा काढून ठेवणाऱ्या पद्धती त्यानंतर आल्या.

प्रश्न : आम्ही केबल टाकण्याचं काम करतो. एमएसटी काढून केबल टाकली तर खर्च कमी येईल, पण एक केबल तुटली तर? आणि नेटवर्कच्या स्विचमधला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल म्हणजे हाच एमएसटी का?

तुमची शंका अगदी योग्य आहे. ट्रीमधली कुठलीही एक एज गेली की जाळ्याचे दोन तुकडे होतात, आणि एमएसटी कमीत कमी खर्चाचा आहे तो याच कारणाने, त्यात जास्तीची एकही एज नाही. कुठलीही एक केबल तुटली तरी सगळं जोडलेलं राहावं अशी अट घातली की कमीत कमी खर्चाचं उत्तर काढणं एनपी-हार्ड होतं, म्हणजे नेमकं उत्तर झटपट काढायची पद्धत कोणालाच माहीत नाही, मोठ्या जाळ्याला जवळपासचं उत्तर घेऊनच काम करावं लागतं. साधी सुरुवात म्हणजे एमएसटी काढा, मग प्रत्येक एज तुटली असं धरून दोन तुकड्यांमधली पुढची स्वस्त एज कुठली ते बघा, आणि ज्या तुटल्याने मोठा भाग बंद पडतो तिथे आधी पैसे घाला. अजून एक, मध्येच नवीन जंक्शन बॉक्स टाकायची मुभा असेल तर एमएसटीहूनही कमी केबल लागू शकते. समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांना जोडायला बाजू १ असेल तर एमएसटी २ घेतो, पण मधोमध एक जंक्शन घेतलं तर १.७३२ पुरतात. हा स्टायनर ट्रीचा प्रश्न, तोही एनपी-हार्ड, पण दोनचार जागी हाताने बघितलं तरी फायदा दिसतो.

स्विचमधला प्रोटोकॉल वेगळा. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तो दिला. त्यात जास्तीच्या केबल प्रत्यक्ष जागेवर असतातच, फक्त सायकल होऊन पॅकेट फिरत राहू नयेत म्हणून काही पोर्ट बंद ठेवले जातात आणि एखादी लिंक गेली की परत हिशोब होऊन बंद पोर्ट उघडतात. जुन्या आवृत्तीत याला ३० ते ५० सेकंद लागायचे, म्हणून २००१ मध्ये रॅपिड आवृत्ती आली. आणि नावावर जाऊ नका, त्यातला ट्री मिनिमम स्पॅनिंग ट्री नाहीये. एक रूट ब्रिज (ट्रीचं मूळ ठरणारा स्विच) निवडला जातो आणि प्रत्येक स्विच रूटपर्यंतचा सगळ्यात कमी कॉस्टचा रस्ता ठेवतो, म्हणजे तो शॉर्टेस्ट पाथ ट्री आहे. रूट कुठला होतो यावर सगळं ठरतं, तो आपोआप निवडू देऊ नका, जाळ्याच्या मध्यावरच्या दणकट स्विचला प्रायॉरिटी देऊन रूट करा, नाहीतर कोपऱ्यातला जुना स्विच रूट होऊन बसतो आणि सगळं ट्रॅफिक तिकडून फिरतं.

प्रश्न : या विषयात आता नवीन काही शिल्लक आहे का, की सगळं १९५० च्या दशकातच झालं?

खूप शिल्लक आहे! डायक्स्ट्रा नोड अंतराच्या क्रमाने बाहेर काढतो, म्हणजे नकळत सॉर्टिंगच करतो, आणि तेवढा खर्च अटळ आहे असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. २०२५ मध्ये चीनमधल्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या रान दुआन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फक्त अंतरं हवी असतील आणि क्रम नको असेल तर विरळ डायरेक्टेड (एजना दिशा असलेल्या) ग्राफवर ही सॉर्टिंगची भिंत ओलांडता येते, त्यासाठी त्यांनी डायक्स्ट्रात बेलमन-फोर्डची कल्पना मिसळली. क्रमही हवा असेल तर मात्र डायक्स्ट्राहून चांगलं, योग्य हीप वापरला तर, करता येत नाही हेही २०२४ मध्ये सिद्ध झालंय. तुमच्या चालू कोडमधला डायक्स्ट्रा लगेच बदलायची गरज नाही, तो साधा आहे आणि प्रत्यक्षात अजूनही फार वेगवान आहे.

एमएसटीची गोष्ट तर अजून विलक्षण. तिथे सॉर्टिंगची भिंत १९७५ मध्येच पडली, १९९५ मध्ये कार्गर, क्लाइन आणि टार्जन यांनी रँडम पद्धतीने सरासरी लिनियर वेळात, म्हणजे एजच्या संख्येच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळात उत्तर काढून दाखवलं, आणि २००२ मध्ये पेटी आणि रामचंद्रन यांनी असा अल्गोरिदम दिला की रँडम न वापरता, वेटची फक्त तुलना करून याहून वेगवान काही असूच शकत नाही हे सिद्ध आहे, पण तो स्वतः नेमका किती वेळ घेतो हे अजून कोणालाही काढता आलेलं नाही. लिनियर आहे की किंचित जास्त, हा प्रश्न उघडा आहे, आणि तो समजायला वरचा दोन गटांचा युक्तिवाद आला की सुरुवात करता येते.